परिपाठातलं गाणं वर्गात आणा

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही 'खरा तो एकची धर्म' म्हणायला सांगा, चालीसकट तोंडपाठ असतं. त्यात म्हटलंय काय आणि ते तुला पटतं का, असं विचारलं की गाडी अडते. सकाळी परिपाठात हे गाणं हात जोडून म्हणून घ्यायचं, आणि तासाला 'रोपांची मागणी करणारे पत्र लिहा' शिकवायचं, असं आमचं चाललंय. रोपवाटिकेला रोपं विकायचीच असतात हो, त्यात पटवायचं काय? वाचन आणि पटवून देणारं लेखन, दोन्ही शिकवायला हे गाणं हाताशी आहे आणि आपण ते नुसतं गाण्यावारी घालवतोय, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी पुण्यात नववीला मराठी शिकवते. यंदा गाणं फळ्यावर लिहिलं आणि सांगितलं, चाल लावायची नाही, फक्त वाचायचं. साने गुरुजी पहिल्याच ओळीत निकाल देऊन मोकळे होतात. मग दीन-पददलितांना जाऊन उठवा, कुणाला हिणवू नका, तुच्छ लेखू नका, अशी कामांची यादी. पण का? कारण शोधा म्हटलं. बऱ्याच वेळानं मागच्या बाकावरून आलं, 'प्रभूची लेकरे सारी'. त्यावर लगेच दुसरा, "मॅडम, समोरचा देव मानतच नसेल तर?"

मग पंढरपूर सांगावं लागलं. विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी आधी महाराष्ट्रभर सभा घेत फिरले आणि १ मे १९४७ला उपोषणाला बसले. मंदिर उघडण्याचं आश्वासन मिळाल्यावर १० मेला उपोषण सुटलं. तिथं अडून बसलेले लोक देव मानणारेच होते. त्यांना 'सगळी देवाची लेकरं' हे नाकारणं जड जाणार. म्हणजे ज्याला पटवायचं, तो आधीपासून काय मानतो तिथून सुरुवात करायची. (अमळनेरला असताना हेच गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढायचे. आम्हाला एका वर्गाची पत्रं तपासायला पंधरवडा लागतो.)

पत्राचा विषय मुलांनीच आणला. एकीच्या सोसायटीत लिफ्टशेजारी पाटी आहे: घरकामाच्या बायकांनी आणि डिलिव्हरीवाल्यांनी मागची लिफ्ट वापरावी. पत्र सोसायटीच्या अध्यक्षांना लिहायचं ठरलं. पहिल्या खर्ड्यात तिनं 'तुम्हाला लाज वाटली पाहिजे' असं ठणकावलं होतं. मी फळ्याकडे बोट केलं, 'कुणा ना व्यर्थ हिणवावे'. अध्यक्षही त्या 'कुणा'त येतात की! ती फुरंगटली, पण वाक्य खोडलं.

मग वर्गानं अध्यक्षांची बाजू मांडली. सकाळी ऑफिसची गर्दी, कचऱ्याच्या बादल्या, सिलिंडर. एका मुलाची आई स्वतः सोसायट्यांमध्ये कामाला जाते. तो एवढंच म्हणाला, "मागची बंद असली की जिन्यानं जावं लागतं." यावर कुणालाच बोलता आलं नाही. मुलीच्या शेवटच्या पत्रात हे वाक्य होतं: 'बादल्या आणि सिलिंडर मागच्या लिफ्टने न्यावेत, ते कोणीही नेत असो. पण आमच्या मावशी रिकाम्या हाताने येतात तेव्हाही त्यांना पुढच्या लिफ्टमध्ये येऊ देत नाहीत, याचे कारण गर्दी असू शकत नाही, कारण माझा मित्र आला की त्याला कोणी अडवत नाही.'

गाईडमधल्या 'वरील विषयास अनुसरून' छापाच्या पत्रांत असं वाक्य मला कधी सापडलेलं नाही.

अध्यक्षांचं उत्तर आलं, 'विषय वार्षिक सभेत घेऊ'. पाटी अजून तिथंच आहे. एका पालकांनी मला ऐकवलं की मराठीच्या तासाला राजकारण कशाला. मग परिपाठात रोज काय म्हणून घेतो आपण? ते शब्द गाताना चालतात, त्यांचा अर्थ लावला की राजकारण, हे मला मान्य नाही. बोर्डाच्या पेपरात मांडणीला गुण असतात, ते मी शिकवतेच. पत्ता, दिनांक, विषय लिहायला शिकण्यात एका तासाच्या वर जात नाही.

आता पुढचा गृहपाठ दिलाय: अध्यक्षांच्या बाजूनं त्या मुलीला उत्तर लिहा, आणि ते तिला पटलं पाहिजे. सगळ्यात जास्त कुरकुर तिचीच चाललीय, कारण तिलाही लिहायचंय.