लोइट्टा म्हणजे बोंबील

ब्रिक लेनवरच्या एका बंगाली किराणा दुकानात मोहरीच्या तेलाच्या डब्यांमागे एक कपाट आहे. त्यात सुकी मासळी असते. पाकिटं जाड प्लास्टिकची, तोंड नीट चिकटवलेलं, तरी वास बाहेर येतोच. लंडनला येऊन महिना झाला होता तेव्हा मी डाळ घ्यायला म्हणून त्या दुकानात शिरले आणि कपाटासमोर थबकले. वितीएवढे लांब, वाळून वाकडे झालेले, जबडा वासलेले. "अगं बाई, बोंबील!" मी मोठ्याने, चक्क मराठीत म्हणाले.

गल्ल्यावरच्या चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "लोइट्टा, आफा. लोइट्टा हुटकी."

इथले बहुतेक बांगलादेशी सिल्हेटचे. सिल्हेटी बोलीत 'आपा'ची 'आफा' होते आणि 'शुटकी'ची 'हुटकी'. शुटकी म्हणजे आपली सुकट म्हणा, सुकी मासळी म्हणा. चाचांचं म्हणणं, हा मासा बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावरचा. माझं म्हणणं, हा वसई-अर्नाळ्याच्या वलांडीवरचा. अर्धी हिंदी, अर्धी इंग्रजी, अर्धी हातवारे (तीन अर्ध्या झाल्या, पण संभाषण तसंच होतं) असं बरंच बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, तुम्ही करता कसे? मी म्हटलं, गॅसवर भाजून, कुटून, लसूण-मिरची घालून चटणी. ते म्हणाले, आमच्याकडेही तेच, फक्त कांदा जास्त. त्या दिवसापासून मी त्यांची आफा.

या बोंबलाची इथे एक जुनी कथा आहे. इंग्रज याला 'बॉम्बे डक' म्हणत आणि करीबरोबर पापडासारखा कुरकुरीत करून खात. १९९७ साली युरोपीय आयोगाने त्याची आयात बंद केली. माशात काही दोष सापडला म्हणून ही बंदी नव्हती. मान्यता असलेल्या गोठवणी किंवा डबाबंदीच्या कारखान्यांतून आलेलीच मासळी आत येईल असा नियम होता, आणि बोंबील तर बांबूच्या वलांडीवर, उघड्या उन्हात वाळतो. त्याला कसला आलाय कारखाना? मग इथल्या चाहत्यांनी 'बॉम्बे डक वाचवा' म्हणून मोहीम काढली, भारतीय उच्चायुक्तालयाने आयोगाकडे बाजू मांडली आणि शेवटी तोडगा निघाला. वाळवा हवं तर उन्हात, पण पाकिटं मान्यताप्राप्त केंद्रात भरा. बोंबील परत आला.

ही कथा मला गेल्या ऑगस्टपासून फार वेळा आठवते. माझं माहेर डोंबिवलीचं. २०२५च्या स्वातंत्र्यदिनाआधी कल्याण-डोंबिवली महापालिकेने आदेश काढला की १४ तारखेच्या मध्यरात्रीपासून १५च्या मध्यरात्रीपर्यंत कत्तलखाने आणि मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायची. आधार काय, तर १९८८ सालचा पालिकेचा ठराव. दरवर्षीच निघतो म्हणे, त्या वर्षी गाजला. विरोधकांनी मटण पार्टीची घोषणा केली, तेव्हा उपमुख्यमंत्री असलेल्या अजित पवारांनीही अशी बंदी बरोबर नाही असं सांगितलं आणि आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. आत्या म्हणाली, एक दिवस नाही खाल्लं तर जीव जातो का तुमचा? चुलतभाऊ म्हणाला, स्वातंत्र्यदिनी काय शिजवायचं ते पालिका ठरवणार असेल तर झेंडा कशाला लावायचा? मग दोघांनीही मला ओढलं. दादा: "लंडनमध्ये कोणी कोणाला विचारतं का गं?" आत्या: "तिकडेही शिस्त असते, सांग याला."

मी तेव्हा काही लिहिलं नाही. साक्षीदार म्हणून लंडन दोघांनाही फितूर होईल, हे मला माहीत होतं.

आधी दादाच्या बाजूचं. ब्रिक लेनवर रात्री अकरानंतर चालत गेलं तर उत्तरेच्या टोकाला रांग दिसते. पांढऱ्या पाटीची ज्यू बेकरी, १९७४पासूनची, चोवीस तास उघडी. बेगल म्हणजे मेदूवड्यासारखा भोक असलेला पाव. तो आधी उकळत्या पाण्यातून काढतात आणि मग भट्टीत घालतात, म्हणून वरून चिवट आणि आत लुसलुशीत होतो. आत खारवलेल्या गोमांसाचे जाड काप, काकडीचं लोणचं आणि नाकातून धूर काढणारी पिवळी मोहरी. रांगेत टॅक्सीवाले, नाइट ड्यूटीच्या नर्सा, दारू प्यालेली पोरं, रमझानमधली रात्रीची नमाज, तराविह, आटपून आलेले दोघं-तिघं. सामन आणि चीजचाही बेगल मिळतो. यातलं मी काय घेते ते आईला सांगितलेलं नाही, इथेही सांगत नाही.

तिथून दक्षिणेला दहा मिनिटं चाललं की ५९ नंबरची विटांची इमारत लागते. फ्रान्समधून पळून आलेल्या ह्युगेनॉट प्रॉटेस्टंटांनी १७४३ साली बांधलेलं हे चर्च. १८१९पासून मेथडिस्टांचं प्रार्थनाघर, १८९८ साली ज्यूंचं सिनेगॉग, १९७६पासून मशीद. भिंतीवरचं सूर्यघड्याळ मात्र ह्युगेनॉटांचंच आहे, लॅटिन अक्षरांसकट. आजूबाजूच्या करी हाउसांपैकी बऱ्याच ठिकाणी दारू विकत नाहीत. पण दारात पाटी असते, आपली बाटली आपण आणा. मालक हलालचा नियम पाळतो, गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या दुकानातून बिअर घेऊन येतं, वेटर तोंड वाकडं न करता ग्लास आणून ठेवतो. मला या सगळ्या भागातली ही सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. कोणी कोणाचं मन वळवलेलं नाही, तरी जेवण होतं.

आता इथवर वाचून दादा खूश झाला असेल. पण त्याच रस्त्याच्या खालच्या टोकाला एक बाग आहे, अल्ताब अली पार्क. ४ मे १९७८ला कारखान्यातून घरी परतणाऱ्या अल्ताब अली नावाच्या तरुण बांगलादेशी शिवणकामगाराला तिथल्या रस्त्यावर भोसकून मारलं. मारेकऱ्यांशी त्याची ओळखही नव्हती, त्याचा रंग पुरेसा होता. दहा दिवसांनी सुमारे ७,००० माणसं त्याच्या शवपेटीमागून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेली. आज आम्ही शनिवारी पाहुण्यांना घेऊन ज्या रस्त्यावर 'काय छान मिक्स कल्चर' म्हणत हिंडतो, तो असा मिळवलेला आहे. चिकन टिक्का मसाला ही आता खरीखुरी ब्रिटिश राष्ट्रीय डिश आहे, असं रॉबिन कुक हे परराष्ट्रमंत्री २००१ साली म्हणाले होते. डिश आपली म्हणायला सोपी. ती रांधणाऱ्याला भाड्याने खोली देताना खरी परीक्षा.

तीही परीक्षा झाली. केंटमधल्या एका बड्या घरमालकाने, शेकडो घरं असलेल्या, एजंटला लिहून कळवलं की काळ्या-सावळ्या लोकांना घर देऊ नका, ते गेल्यावर करीचा वास राहतो. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१७ साली कोर्टाने हे बेकायदा ठरवलं. वासाचं नाव पुढे करून वंशावरून घर नाकारणं २०१०च्या समानता कायद्यात बसत नाही. इथे मी लंडनच्या बाजूने उभी राहते. समाज चांगला आहे की वाईट ते सोडा, जाब विचारायला एक दार आहे.

आपल्याकडे ते दार कुठे आहे? मुंबईत 'फक्त शाकाहारी' असं जाहिरातीत लिहितात आणि कोणाला काही वाटत नाही. २०२३ साली मुलुंडला एका मराठी बाईंना कार्यालयासाठी जागा नाकारली, मराठी आहात म्हणून. व्हिडिओ फिरला, राजकीय पक्ष धावले, माफी मागून झाली. पण नियम? २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या प्रकरणात, सभासद आपल्याच समाजाचे ठेवण्याचा सोसायटीचा नियम ग्राह्य धरला. म्हणजे गर्दी जमली तर माफी, नाही जमली तर दुसरं घर बघा.

आणि यात आपण मराठी लोक फक्त सोसणारे आहोत असं चित्र रंगवणाऱ्यांनी आमच्या सोसायटीची एजीएम पाहायला हवी होती. सगळे मराठी, अगदी पाटीवर नावं बघून घ्या. बाबा रविवारी स्टेशनजवळच्या कोळिणीकडून सुके बोंबील आणायचे आणि आई ते गॅलरीत उन्हं दाखवायला ठेवायची. एक दिवस खालच्या फळ्यावर नोटीस लागली: 'सभासदांनी उग्र वासाचे पदार्थ गॅलरीत वाळवू नयेत.' उग्र वासाचे! वरच्या मजल्यावर कांद्याचा मसाला वाळत होता, त्याच्या ठसक्याने वॉचमन शिंकत होता, तो मात्र उग्र नव्हता. आईने वाद घातला नाही. तेव्हापासून बोंबील वर्तमानपत्रात, त्यावर पिशवी, त्यावर दुसरी पिशवी असे घरात येतात. लिफ्टमधून नाही, जिन्याने.

त्या नोटिशीला काय उत्तर द्यायचं हे आईला कधी सुचलं नाही, आणि तिथेच मला युरोपच्या बंदीतला फरक दिसतो. ती बंदी अडाणी होती, पण तिला उत्तर होतं. पाकीट कुठे भरलं, तापमान किती, परवाना कोणाचा. केंद्र उभारा, अर्ज भरा, माल पाठवा. पालिकेने कत्तलखान्याच्या मोऱ्या तपासाव्यात, बर्फ तपासावा, उघड्यावर कापणाऱ्याचा परवाना काढून घ्यावा, मी आत्यापेक्षा जोरात टाळ्या वाजवीन. 'राष्ट्रीय सणाचं पावित्र्य' मात्र कुठल्या फॉर्ममध्ये भरायचं? त्या अटीत बसण्यासाठी खाटकाने काय करावं, याला एकच उत्तर आहे: दुकान बंद. म्हणून आत्याचं 'एकच दिवस तर आहे' मला पटत नाही. दिवस एक असो की तीनशे, अट पुरी करता येते की नाही ते बघायचं.

पण मग दादाने लगेच लंडनचा दाखला मिरवू नये, कारण याच रस्त्यावर दुसरा प्रकार चालू आहे आणि त्याला नोटीसही लागत नाही. २०००नंतरच्या दशकाच्या मध्याला ब्रिक लेनवर सुमारे ६० करी हाउसं होती. २०२०पर्यंत २३ उरली. कोणी बंदी घातली नाही. भाडी वाढली, पालिकेचे कर वाढले, व्हिसाचे नियम कडक झाल्याने आचारी मिळेनात आणि मालकांच्या शिकलेल्या मुलांना रात्री दोनपर्यंत तंदूरपाशी उभं राहायचं नव्हतं (त्यांचं काय चुकलं?). मधल्या जुन्या ट्रुमन ब्रुअरीतून बिअर बाहेर पडणं १९८०च्या दशकाअखेरीच थांबलं. आता तिथे रविवारी खाण्याचे स्टॉल लागतात, इथिओपियापासून व्हेनेझुएलापर्यंत. मीही जाते, चांगलं असतं. त्याच आवारात ऑफिसं आणि दुकानं बांधायचा बेत निघाला तेव्हा ७,०००हून जास्त हरकती आल्या, आणि २०२१ साली समितीने तो दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर केला.

इथल्या मूळच्या गोऱ्या कामगारांचं तर त्याआधीच आटोपलं होतं. त्यांचा पदार्थ म्हणजे जेलीतले ईल. साप-मासा उकळून त्याच्याच चिकात गार केलेला, वर व्हिनेगर. मी एकदा खाल्ला. पुन्हा खाणार नाही, पण तो विकणारी ऑल्डगेटची प्रसिद्ध गाडी, १९१९पासूनची, २०१३ साली बंद झाली तेव्हा वाईट वाटलं. गिऱ्हाईकं म्हातारी झाली, मुलं एसेक्सला राहायला गेली. आमच्याकडे १९६०च्या दशकात उडुप्यांविरुद्ध आरोळ्या उठल्या, १९९५नंतर सरकारी आशीर्वादाने झुणका-भाकर केंद्रं निघाली. उडुपी आहेत. केंद्रांच्या जागांवर काय काय उभं राहिलं ते मुंबईकरांना सांगायला नको.

आणि वासाचं म्हणाल तर, कायदा असला तरी लोक वाटा काढतात. मागच्या घराचं भाडं संपवून निघाले तेव्हा एजन्सीने अनामतीतून पैसे कापले, कारण 'गंध निवारण'. जात नाही, धर्म नाही, रंग नाही, नुसता गंध. मी भांडले, अर्धे परत मिळवले. अर्धे तरी मिळाले, कारण अनामतीचा वाद सोडवायला इथे एक ठरलेली वाट असते आणि पावती मागता येते. डोंबिवलीच्या फळ्यावरच्या नोटिशीखाली तर सहीसुद्धा नव्हती.

चाचांचं दुकान अजून आहे, पण अर्धं झालंय. पलीकडच्या अर्ध्यात आता ओट मिल्कची कॉफी मिळते. डाळींच्या गोणी गेल्या, लहान पाकिटं आली. कपाट मात्र त्यांनी हलवलं नाही. गेल्या महिन्यात मी विचारलं, हे का ठेवलंत, कॉफीवाले तक्रार करत नाहीत? म्हणाले, "करतात आफा. मी म्हणतो, तुमच्या कॉफीचाही वास येतो."

जूनमध्ये आई पहिल्यांदाच येतेय. व्हिसाच्या कागदांपेक्षा तिला एकच काळजी. परवा फोनवर आवाज खाली आणून, जसं काही सेक्रेटरी दाराबाहेर उभे आहेत, तिने विचारलं, "तुझ्याकडे बोंबील भाजले तर चालतात ना गं?" मी म्हटलं, चालतात, पण स्मोक अलार्म आहे. मागच्या वेळी तो वाजला आणि सगळी बिल्डिंग पायजम्यात रस्त्यावर उभी होती.

"मग काय म्हणाले लोक?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या सिल्हेटी आजींनी विचारलं, लोइट्टा का? आणि वाटी घेऊन आल्या."

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं. मी येताना इथलेच आणते. त्यांच्यासाठी वेगळे बांधते."

आता तिला कस्टमचे नियम समजवायचे आहेत.