ताडपत्रीला नाक लावून

आज सकाळी फैजपूर-सावदा रस्त्यावर पाऊण तास अडकलो. पुढे केळीची गाडी. ड्रायव्हर खाली उतरला, मागे गेला, ताडपत्रीची दोरी सैल केली आणि आत नाक खुपसून वास घेतला. ऑफिसात आल्यापासून तेच डोळ्यांसमोर आहे.

अण्णांनी असाच वास घेतला होता. मी तेव्हा कॉलेजात. भर मे महिन्यात आमची कापणी झाली, गाडी वाशीच्या बाजाराला निघाली आणि एरंडोलच्या पुढे अपघात होऊन हायवे रात्रभर बंद. ड्रायव्हरचा फोन आला तसे आम्ही मोटारसायकल काढली. पोहोचलो तेव्हा उजाडत होतं. अण्णांनी ताडपत्रीला नाक लावलं आणि म्हणाले, "पिकल्याचा वास येऊन राह्यला रे."

तुम्हाला काय सांगायचं, एक फणी पिवळी पडली की तिच्या वायूने शेजारचा घड पिकतो, मग त्याच्या शेजारचा. व्यापाऱ्याने निम्मा भाव कापला. भाडं मात्र पूर्ण गेलं.

मुंबई-दिल्लीत बसून आराखडे करणाऱ्यांना हा वास कधी आलाय का? 2021 ला रस्ते, रेल्वे, बंदरं एकत्र जोडायची गतिशक्ती योजना आली, 2022 ला मालवाहतुकीचं राष्ट्रीय लॉजिस्टिक धोरण आलं. दिल्लीजवळच्या दादरीपासून मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरापर्यंत 1506 किलोमीटरचा मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग आखला, तो गुजरातेतून खाली उतरतो, खानदेशाला शिवत नाही. पालघर जिल्ह्यात वाढवणला बंदर होतंय. होऊ द्या. पण प्रत्येक नकाशात माल गोदामातून किंवा कारखान्यातून निघतो, शेतातून निघतच नाही! काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर पावसाळ्यात ट्रॅक्टर चाकापर्यंत रुततो, माणसं घड डोक्यावर वाहून डांबरीपर्यंत आणतात. ते दोन किलोमीटर कोणत्या आराखड्यात आहेत? केळीला तेरा-चौदा अंश तापमान लागतं आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. बांधाजवळ माल थंड करायची सोय किती गावांत आहे, तुम्हीच सांगा. जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्या मानांकनाने गाडी पुढे सरकत नाही.

जळगाव-धुळे हायवे आता चौपदरी झाला. मान्य. पण रावेर-यावलचा माल त्या हायवेला लागेपर्यंतच किती तास जातात!

आणि शेतमाल वाहणारी किसान रेल. 2020 मध्ये सुरू झाली, भाड्यात निम्मी सवलत. सावद्याहून दिल्लीच्या आदर्शनगरला केळी जायला लागली, तेव्हा अण्णा मुद्दाम स्टेशनवर गेले होते. माल आमचा नव्हता, तरी गेले. डब्यात क्रेट चढताना बघत दीड तास उभे. घरी आल्यावर म्हणाले, "ही रस्त्यात अडकायची नाही." एवढंच. त्या दिवशी जेवताना खुशीत होते. पुढे सवलत गेली, तशी गाडीही गेली. सरकारने चांगलं काम केलं होतं, हे मी आजही म्हणतो. म्हणून तर जास्त लागतं. भुसावळसारखं जंक्शन उशाला, समोरून रात्रंदिवस मालगाड्या धडधडत जातात, आणि आमचा घड पुन्हा ताडपत्रीखाली.

आराखडा करायचाच असेल तर एकदा कापणीच्या दिवशी या. शेतापासून वाशीपर्यंत गाडीत बसा आणि कुठे किती वेळ थांबलो ते घड्याळ लावून लिहा. त्याच कागदावरून पुढचं ठरवा.

मघाशी अण्णांना फोन करून रस्त्याचं सांगितलं. शेजारच्या दादांची उद्या कापणी आहे, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर भरणार होते. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्याला सांगतो, दुपारीच भर म्हणून. उन्हात तर उन्हात."