पासिंगपुरता रंग

मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की तिचं पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, दर वर्षी करावं लागतं. देवगडच्या किनाऱ्यावर त्याचा अर्थ एवढाच, की गंजही दर वर्षी काढावा लागतो. आमचा छोटा ट्रक, टाटाची चारशेसात, आठ वर्षांची कधी झाली, ते घरात आता कुणालाच आठवत नाही. आंब्याच्या दिवसांत ती हापूसच्या पेट्या वाहते, एरवी जांभ्याचे चिरे, आणि अधूनमधून ओळखीतलं कुणीतरी 'एकच खेप' म्हणत मासळी भरतं. पेट्या आणि चिरे बापडे निरुपद्रवी. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी मात्र हौद्याच्या सांध्यांतून झिरपत चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, उतरतं आणि तिथेच वस्ती करतं. वरून समुद्राचा वारा आहेच. मीठ हवेतली ओल ओढून धरतं, त्या खाऱ्या ओलीत लोखंड झपाट्याने गंजतं, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. मग वरचा रंग पुरीसारखा टम्म फुगतो.

हा फुगा नखाने फोडायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. गाडी बघायला येणारा प्रत्येक जण बोलता बोलता एक तरी फोडून जातो.

जांभा वाहणाऱ्या गाडीला एक सोय असते: तिची धूळ आणि तिचा गंज एकाच रंगाचे. असणारच, जांभ्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचाच. आमचा ड्रायव्हर याच्या आडोशाने वर्षभर तगला. "धूळ हा ती, धुतल्यार जातली," हे त्याचं ठरलेलं उत्तर. पासिंगची तारीख जवळ आली तशी धुतली. धूळ गेली. मडगार्डवर, दाराच्या खालच्या कडेला, फाळक्याच्या बिजागऱ्यांपाशी जे उरलं ते बघायला ड्रायव्हर थांबला नाही. त्याला तातडीने मामाकडे कणकवलीला जायचं होतं.

गंजाच्या कामात रंग हा शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग. खरं काम घासण्याचं. आधी विहिरीच्या गोड्या पाण्याने धुऊन मीठ घालवायचं, कारण रंगाखाली राहिलेलं मीठ गप्प बसत नाही. मग तेल-ग्रीस थिनरने पुसायचं. मग खरवडायची पत्री, मग तारेचा ब्रश, ग्राइंडर असेल तर त्याला कप ब्रश, मग पॉलिश पेपर: ऐंशी नंबर, एकशेवीस, दोनशेवीस. ही यादी मी ज्याला ज्याला वाचून दाखवली, त्याने शेवटी एकच प्रश्न विचारला, "आणि रंग कुठला मारणार?"

दारासमोर ग्राइंडर सुरू झाला की गावात वेगळी दवंडी लागत नाही. सगळ्यात आधी नाना आले. जन्म होडीवर गेलेला माणूस. जून-जुलैत मासेमारी बंद असली की होड्या वर ओढून त्यांची डागडुजी करणं हे त्यांनी वर्षानुवर्षं केलेलं. त्यांनी मडगार्डच्या आजूबाजूला बघितलं, खाली पडलेला चुरा बघितला, आणि विचारलं, "पत्रो खंय रवलो हा रे?" मी म्हटलं, "नाना, हा काय." "ह्यो? ह्यो गंज. गंजानच गाडी धरून ठेवल्यान हा. काढलंस तर पडात."

हे बोलणं मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं, तरी पुढे ब्रश जरा हलक्या हाताने चालू लागला. वरवरचा गंज आणि आतवर गेलेला गंज ओळखायची रीत म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. टण् वाजलं तर पत्रा आहे. बद्द वाजलं तर काळजी आहे. मूठच आत गेली तर पॉलिश पेपर खाली ठेवून वेल्डरला फोन लावायचा. डाव्या दाराखाली मी ठोकलं तेव्हा टण् आणि बद्द यांच्या मधला एक आवाज आला, ज्याचा अर्थ नानांनीही सांगितला नाही. तिथे घासत गेल्यावर आधी तपकिरी भुकटी उडाली, मग काळपट पापुद्रा निघाला, आणि खाली करडा, चमकणारा, खरा पत्रा दिसला. त्यात मोहरीएवढ्या खळग्यांत काळे ठिपके बसलेले. ते ब्रशला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी बाटलीतलं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजावर लावायचं रसायन.

नानांचं मत होतं की बाटली कशाला, काजूच्या टरफलांचं तेल फासावं. पूर्वी होड्यांना तेच लावत. अंगाला लागलं तर कातडं सोलणारं ते तेल. मी हसलो नाही, कारण आज मोठ्या बोटींना लावतात त्या इपॉक्सी रंगांत घट्टपणासाठी मिसळायच्या काही हार्डनरमध्ये याच तेलापासून काढलेली रसायनं असतात आणि ती ओलसर हवेतही घट्ट धरतात. फक्त नाना सल्ला देऊन ओट्यावर बसले. रिकामा ब्रश शेजारीच पडला होता, त्याच्याकडे त्यांनी ढुंकून बघितलं नाही.

मग गुरुजी आले. निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्ग मिळत नाही. त्यांनी दिल्लीचा लोहस्तंभ काढला. सोळाशे वर्षं उघड्यावर उभा, सात मीटर उंच, आणि गंज असा नाहीच. "आणि तुझा ट्रक बघ!" मी नम्रपणे सुचवलं की स्तंभातून कुणी बांगड्याची खोकी नेली नव्हती, आणि दिल्लीला समुद्रही नाही. पण गुरुजींच्या बोलण्यात तथ्य होतं. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त, त्यामुळे त्याच्यावर फॉस्फेटचा पातळ थर बसून खालचं लोखंड राखलं गेलं. माझ्या बाटलीतही फॉस्फोरिक आम्लच होतं. ते लावलं की गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर होऊन डाग काळा पडतो. हे मी घरात अभिमानाने दाखवलं. बायकोने पदराला हात पुसत बघितलं आणि म्हणाली, "लाल होतं ते काळं झालं. यात बरं काय झालं?"

पुढचा प्रश्न तिने रेड ऑक्साइडचा डबा उघडल्यावर विचारला, तो तर बिनतोड होता. रंगाआधी मारायच्या या प्रायमरचा लाल रंग म्हणजेही लोहाचं ऑक्साइडच. म्हणजे घरचा गंज घासून काढायचा आणि दुकानातून अठरा टक्के जीएसटी भरून दुसरा आणायचा. डब्यातला गंज गंजायचा तेवढा गंजून झालेला असतो, आणि त्याला धरून ठेवणारं माध्यम असतं, वगैरे मी सांगून पाहिलं. ती आत निघून गेली.

पेंटर मात्र येईना. "सांजेक येतंय," म्हणायचा. कुठल्या दिवशीच्या सांजेला ते त्याने कधी सांगितलं नाही. आला तेव्हा मी निम्मी गाडी घासून ठेवली होती. उरलेल्या निम्म्या गाडीवरून त्याने मायेने हात फिरवला आणि म्हणाला, "ह्येच्यावरच मारूया. खालचा कोण बघतलो?" तेव्हा मी त्याला जरा जोरातच सांगितलं, की आधी सगळं घासायचं आणि मग प्रायमर असा मारायचा की इंचभरसुद्धा जागा सुटता कामा नये. तो दुखावला. पण घासायला लागला, निदान मी समोर उभा असेपर्यंत.

रंगाची वेळ मी ठरवली. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे मार्कांसाठी पाठ केले होते, ते इतक्या वर्षांनी कामाला आले. सकाळी दव सुकल्यावर सुरू करायचं आणि दुपारी समुद्राकडचा वारा जोर धरायच्या आत आवरायचं, नाहीतर ओल्या रंगावरच मीठ येऊन बसतं. रंग निळाच, कारण आरसी बुकात निळा आहे आणि बदलायचा तर आरटीओकडे अर्ज आला. आता बुकातला निळा, उन्हाने विटलेला निळा आणि डब्यातला निळा हे एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणून सगळी गाडी रंगवावी लागली. मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला पेंटरचे हात शिवशिवत होते. राज्यात त्याला २०१५ सालीच बंदी आली, हे त्याला पटवताना माझी एक सकाळ गेली. त्याऐवजी त्याने एक नारळाचं झाड काढलं. चांगलं काढलं.

आरटीओच्या मैदानात साहेबांनी ब्रेक बघितले, दिवे बघितले, रिफ्लेक्टर टेप बघितली. गाडीच्या रंगाकडे बघून ते एक अक्षर बोलले नाहीत. मग चासी नंबरचा छाप घ्यायला वाकले आणि तसेच वाकून राहिले. जिथे नंबर ठोकलेला असतो तिथे रेड ऑक्साइडचे भरघोस हात आणि त्यावर काळा रंग, सगळं गुळगुळीत. साहेब म्हणाले, "नंबर कुठाय?"

चिंधीला थिनर लावून मी चासीखाली शिरलो. भोवती चार गाड्यांचे मालक जमले आणि कुठल्या कोपऱ्यातून पुसायचं ते सांगू लागले. तिथूनच पेंटरला फोन लावला.

"तुमीच सांगलास ना," तो म्हणाला, "एक इंच सोडू नको म्हणान!"