सगळ्या क्लिप एकदम ‘नॉर्मलाइज’ करून का भागत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

व्हिडिओतल्या वेगवेगळ्या क्लिपचा आवाज जुळवण्याविषयीच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. प्रत्येक क्लिप ऐकून गेन (आवाज किती वाढवायचा किंवा कमी करायचा ते प्रमाण) ठरवणे म्हणजे वेळेचा अपव्यय आहे, सगळ्या क्लिप निवडून एकदाच नॉर्मलाइज केल्या, म्हणजे सॉफ्टवेअरकडून एका ठरावीक पातळीवर आणून घेतल्या, की काम होते आणि उरलासुरला फरक यूट्यूब भरून काढते, असे आपले म्हणणे आहे.

आपण सुचवलेला ‘नॉर्मलाइज ऑल पीक्स’ हा पर्याय प्रीमिअर प्रो या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘जी’ दाबल्यावर उघडणाऱ्या चौकटीत असतो. तो प्रत्येक क्लिपमधले सर्वांत उंच टोक शोधून ठरवलेल्या पातळीवर आणतो. ते टोक बोलण्याचे आहे की दुसऱ्या कशाचे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. समजा, गिरगावातल्या चाळीत मुलाखत चालू आहे. एका क्लिपमध्ये आजींचे बोलणे उणे २० डेसिबलपर्यंतच जाते (इथे शून्य ही कमाल पातळी, त्यामुळे उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा), पण मध्येच ओट्यावरच्या कुकरची शिट्टी उणे ३ गाठते. दुसऱ्या क्लिपमध्ये शिट्टी नाही आणि नातवाचा आवाज उणे ६ पर्यंत पोचतो. दोन्ही क्लिप उणे ३ ला नॉर्मलाइज केल्या, तर पहिली जागची हलत नाही आणि दुसरी ३ डेसिबलने वर जाते. दोघांच्या आवाजातले १४ डेसिबलचे अंतर १७ होते. म्हणजे जुळवायला बसलो आणि वाढवून उठलो.

लाउडनेसवर, म्हणजे आवाज कानाला किती मोठा वाटतो यावर, आधारलेले नॉर्मलायझेशन यापेक्षा पुष्कळ बरे. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीएस.१७७० या २००६ सालच्या शिफारशीतून आलेले हे माप टोक न पाहता कानाला जाणवणारी सरासरी पातळी पाहते. डाविंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय आहेच. मात्र बोलणे आणि गोंगाट यांत तेही भेद करत नाही. शांत जागा मोजणीतून वगळल्या जातात हे खरे, पण दादर स्टेशनबाहेरच्या क्लिपमध्ये शांत जागा शोधायची कुठे? दोन वाक्यांमधली जागा हॉर्नने भरलेली असते आणि तीही सरासरीत धरली जाते. आकडा जुळतो, बोलणे मागे राहते.

याहून त्रासदायक प्रकार पंख्याचा. हळू बोलणाऱ्या व्यक्तीची क्लिप ९ डेसिबलने वाढवली की तिच्यामागची पंख्याची घरघरही तेवढीच वाढते, आणि पुढच्या क्लिपवर कट होताच ती एकदम तुटते. शब्दांची पातळी अचूक जुळलेली असूनही प्रेक्षकाला कट ऐकू येतो. (मे महिन्यात मुंबईत पंखा बंद ठेवा, असे कोणाला सांगणार?) म्हणूनच मुलाखत संपल्यावर कोणीही न बोलता त्याच खोलीचा अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करून घ्यावा, तो बोलण्याखालच्या ट्रॅकवर सलग पसरावा आणि कटच्या जागी छोटा क्रॉसफेड (एक आवाज विरत असतानाच दुसरा चढवणे) द्यावा, असे मी त्या लेखात सुचवले होते. हे काम कोणतेही बटण आपण होऊन करत नाही.

यूट्यूबचे म्हणाल, तर त्याचे नेहमीचे नॉर्मलायझेशन संपूर्ण व्हिडिओचा आवाज एकाच प्रमाणात कमी करते, तेही तो ठरावीक पातळीपेक्षा मोठा असेल तरच. त्याने आजी आणि नातू यांच्या आवाजातले अंतर तसेच राहते.

एकच व्यक्ती, एकच कॉलर माइक, एकच बैठक असेल, तर मात्र आपली पद्धत थोड्या बदलाने चालते : क्लिप एकत्र निवडाव्यात आणि सर्वांना सारखाच गेन द्यावा, प्रत्येकीला वेगळा नाही. अशा वेळी मीही तेच करतो.

राहिला लालबागच्या मिरवणुकीचा प्रश्न. ढोलताशा आणि मुलाखत एका पातळीवर आणण्याचा आग्रह आपण धरला आहे, तो मला पटत नाही. ढोल मोठाच वाजला पाहिजे. मी तो बोलण्यापेक्षा चार-पाच डेसिबल वर ठेवतो आणि मुलाखतीच्या शेवटच्या वाक्याखालीच हळूहळू चढवत नेतो, म्हणजे प्रेक्षकाचा हात रिमोटकडे जात नाही.