शुभ बोल रे नाऱ्या

आमच्या आईने लहानपणापासून बजावलंय, घरात वाईटसाईट बोलू नये. वास्तुपुरुष येताजाता 'तथास्तु' म्हणत असतो. त्याची वेळ कुणालाच ठाऊक नसल्यामुळे चोवीस तास शुभ बोलावं लागतं. हे मी आजवर हसण्यावारी नेलं. मग परवा रात्री एकट्याने 'विशमास्टर' पाहिला.

१९९७चा अमेरिकी भयपट. ११२७ साली इराणात लाल ओपल रत्नामध्ये कोंडलेला जिन आजच्या अमेरिकेत सुटतो. का, तर बंदरावर पुतळा उतरवणारा क्रेनवाला प्यायलेला असतो! पुतळा आदळतो, आतलं रत्न बाहेर, आणि पुढे सगळा सत्यानाश. हा जिन मागाल ते देतो, पण शब्दाला धरून. कायम सुंदर राहायचंय म्हणणारी दुकानातली मुलगी कपड्यांच्या दुकानातली बाहुली होऊन बसते. दहा लाख डॉलर मागणाऱ्याची आई विम्याच्या कागदावर सही करून विमानात बसते, आणि विमान फुटतं. वर जिनाचं काम करणारा अँड्र्यू डिव्हॉफ हे सगळं इतक्या मऊ आवाजात विचारतो की मला 'सर, पर्सनल लोन हवंय का' हे फोन आठवले.

रक्त, आतडी वगैरे भरपूर आहे. त्याचं काही वाटलं नाही. मला भीती वाटली ती मराठीची.

सकाळी 'पोटात कावळे ओरडतायत' अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. ऑफिसात साहेबांनी चारचौघांत झाडलं, तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मनात आलं आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरले. आम्ही सातव्या मजल्यावर आहोत. मधल्या सहा मजल्यांवरच्या लोकांचा काय दोष? मित्राने माझ्या पगारवाढीची कुजबुज कानावर घातली. त्याला 'तुझ्या तोंडात साखर पडो' म्हणणार होतो, पण त्याला मधुमेह आहे.

तसं आपल्याला हे नवीन नाही. कुंभकर्ण इंद्रासन मागायला गेला, जीभ घसरली आणि निद्रासन घेऊन आला. हिरण्यकशिपूने तर वकिलाला लाजवेल असा मसुदा केला होता, ना घरात ना बाहेर, ना दिवसा ना रात्री. तरी उंबरठा राहिलाच.

सिनेमातली नायिका मात्र हुशार. जग बुडायला आलेलं असताना ती शेवटचा वर काय मागते? दोन दिवसांपूर्वी तो क्रेनवाला कामावर प्यायलेला नसावा. बस! जिनाला फट सापडत नाही. मोजकं मागावं आणि नेमकं मागावं, असं ठरवून मी संध्याकाळी स्वयंपाकघरात गेलो.

"आई, चहा मिळेल का? एक कप. आजच. गरम, पण जीभ भाजणार नाही इतपत. आणि मला पिण्यासाठी, अंगावर नको."

आईने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "चहा हवाय की खरेदीखत? काय मेली कटकट!"

"आई! मेली म्हणू नकोस. वास्तू..."

"ते तुम्हा लोकांसाठी," आधण ठेवत आई म्हणाली. "माझी त्याची जुनी ओळख आहे."