त्रिकोण आला की चुंबकीय क्रम संपला?

सध्या एक दावा फार फिरतोय: ‘अणूंची जाळी त्रिकोणांची असेल, तर ते खनिज कितीही थंड करा, त्यात चुंबकीय क्रम येत नाही. आलाच, तर नमुना अशुद्ध. हर्बर्टस्मिथाइटने हे सिद्ध केलंय.’ चुंबकीय क्रम म्हणजे अणूंच्या सूक्ष्म चुंबकांनी, म्हणजे स्पिननी, ठरावीक रचनेत स्थिर उभं राहणं; आणि हर्बर्टस्मिथाइट हे तांबं-जस्ताचं, अशाच त्रिकोणी जाळीचं खनिज. या दाव्यातलं एकच निरीक्षण खरं आहे, पण त्यावर भलताच निष्कर्ष रचलाय.

अशा खनिजांत प्रत्येक स्पिनला शेजाऱ्याच्या विरुद्ध तोंड करायचं असतं. त्रिकोणाच्या दोन कोपऱ्यांवरचे स्पिन एकमेकांविरुद्ध उभे राहिले, तर तिसऱ्याने कुठे तोंड करायचं? ही कोंडी खरीच. पण स्पिनला फक्त वर-खाली एवढीच मुभा असेल, तेव्हाच ती इतकी कडक असते. फिरायला वाव मिळाला की तिघे १२० अंशांवर उभे राहून तडजोड करतात. जॅरोसाइट हे लोहाचं खनिज घ्या. त्यातलं लोह कागोमे जाळीत बसतं, म्हणजे षटकोनी विणीच्या टोपलीसारखं, कोपऱ्याला कोपरा जोडलेल्या त्रिकोणांत. स्पिनमधली ही विरुद्ध उभं राहण्याची ओढ पाहता ते कित्येकशे केल्व्हिनलाच जुळायला हवे होते. जुळतात सुमारे ६५ केल्व्हिनला. कोंडीने उशीर केला, बंदी नाही घातली.

मग हा क्रम अशुद्धीमुळे येतो का? मुळीच नाही. कागोमेत १२० अंशांची तडजोड असंख्य प्रकारे करता येते. त्यातला एक प्रकार निवडते ती द्झ्यालोशिन्स्की-मोरिया आंतरक्रिया, म्हणजे शेजारच्या स्पिनना एकमेकांशी तिरकं वळवू पाहणारी ओढ, आणि ती स्फटिकाच्या रचनेतूनच येते.

उलट भेसळीचा प्रश्न छळतो तो हर्बर्टस्मिथाइटलाच! त्यात जस्ताच्या काही जागी तांबं जाऊन बसतं. दोघांच्या इलेक्ट्रॉनसंख्या २९ आणि ३०, त्यामुळे क्ष-किरणांनाही फरक ओळखणं जड जातं. जस्ताच्या सगळ्या जागी तांबं असलेलं भावंड, क्लिनोअ‍ॅटॅकमाइट, सुमारे ६ केल्व्हिनला क्रमात येतं.

हर्बर्टस्मिथाइटमधली ओढ सुमारे २०० केल्व्हिनची, तरी २००७ मध्ये ०.०५ केल्व्हिनपर्यंत त्यात क्रम सापडला नाही. हे निरीक्षण भक्कम आहे, आणि मला ते आजही थरारक वाटतं. पण क्रम नसणं म्हणजे क्वांटम स्पिन-द्रव, म्हणजे कितीही थंडीत न गोठता स्पिन एकमेकांत गुंतून राहतात ती अवस्था, सिद्ध होणं नव्हे. स्पिनच्या उत्तेजनांना, म्हणजे त्यांना तळाच्या स्थितीतून हलवायला, किमान ऊर्जा लागते की नाही, हा त्यातला कळीचा प्रश्न. अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदनाने (अणुकेंद्रकांच्या चुंबकीय प्रतिसादावरून मोजण्याच्या तंत्राने) २०१५ मध्ये उत्तर दिलं ‘लागते’; त्याच तंत्राने २०२० मध्ये दुसऱ्या गटाला मिळालं ‘लागत नाही’.