राणीची कंबर आणि आमचे साडू

मृगाचा पहिला दणकट पाऊस पडला की आमच्या वर्धा जिल्ह्यातील माणसे बियाण्यांच्या दुकानाकडे धावतात आणि मुंग्यांच्या राण्या मुहूर्त, मानपान यांपैकी कशाचीही वाट न पाहता हवेतच लग्ने उरकून घेतात. अशीच एक नववधू न्हाणीमागच्या सांदवाडीत मला सापडली. लांबी दीड सेंटीमीटरहून थोडी अधिक, रंग काळा, चाल घाईची. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत मी तिला ठेवले. तिची नेमकी प्रजाती ओळखावी, असे त्या क्षणी मनात आले नसते तर आमच्या घरातील पावसाळा शांततेत गेला असता.

ती राणी आहे, एवढे ठरवणे सोपे होते. मीलनानंतर राणी आपले पंख स्वतःच मोडून टाकते आणि छातीच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या खुणा राहतात. उडण्याचे स्नायू मावावेत म्हणून तिची छातीही कामकरी मुंगीपेक्षा बरीच भरदार असते. ती उधई नव्हती, कारण उधईला कंबर नसते आणि तिच्या मिशा सरळ असतात. मुंगीच्या मिशा कोपरात वाकलेल्या असतात. प्रश्न होता तो इथून पुढचा.

शेजारच्या काकाजींनी बाटलीकडे ओझरते पाहून निकाल दिला. "मास्तर, हा त माकोडा होय. याच्यात पाहाचं काय हाय?" काकाजींच्या वर्गीकरणात मुंग्यांचे तीनच प्रकार आहेत. लाल चावते, काळी साखर नेते आणि माकोडे, म्हणजे मुंगळे, कपाशीवर चढू लागले की मावा ही कीड आली असे समजावे. भारतात मुंग्यांच्या ८००हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, तरी गावाचा कारभार या तिघींवर सुरळीत चालतो. त्यातला तिसरा नियम तर कोणत्याही कीटकशास्त्रज्ञाने मान्य करावा असा आहे, कारण मावा गोड स्राव सोडतो आणि त्या स्रावासाठी मुंगळे त्याची राखण करतात.

मला मात्र लॅटिन नाव हवे होते, म्हणून मी अमरावतीला कीटकशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या साडूंना छायाचित्र पाठवले. मुंगीची छाती आणि पोट यांच्यामधल्या कंबरेवर एक गाठ आहे की दोन, यावर पुढची बरीच वाट ठरते. दोन गाठी असल्या तर डंख मारणारी लाल आग्या मुंगी आणि तिचे नातलग; एकच असली तर मुंगळ्यांचे घराणे संभवते. त्यामुळे साडूंनी तातडीने उत्तर धाडले, "कंबर नीट दिसत नाही. बाजूने काढा, आणि उजेडात." त्या वेळी माझा मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता आणि तो संदेश आमच्या सौभाग्यवतींनी प्रथम वाचला. पुढील संभाषण मी येथे देत नाही. बाटलीतील राणी पुराव्यादाखल सादर केल्यावरच प्रकरण मिटले, आणि तेही पूर्णपणे मिटले असे म्हणवत नाही.

राणी क्षणभरही स्थिर उभी राहत नसल्यामुळे तिला काही मिनिटे गारव्यात ठेवावे, असा सल्ला साडूंनी दिला. त्यामुळे ती फ्रिजमध्ये विरजणाशेजारी बसली आणि घरात दुसरे प्रकरण उद्भवले. तरीही तेवढ्या वेळात मी भिंगातून एकच गाठ पाहिली आणि मिशीचे बारा सांधे मोजले. पोटाच्या टोकाला नांगीऐवजी केसांची झालर असलेले गोल छिद्रही दिसले. साडूंनी 'कॅम्पोनोटस' ही प्रजातीगटाची पाटी लावली आणि 'बहुधा कॉम्प्रेसस' असे पुढे जोडले. हा आपल्याकडचा नेहमीचा काळा मुंगळा असून फॅब्रिशियस याने १७८७ मध्ये त्याचे वर्णन केले.

'बहुधा' मला खुपत होते. ते काढायचे कसे, असे विचारल्यावर समजले की ओळखीच्या बहुतेक किल्ल्या, म्हणजे एकेक लक्षण ताडत नावापर्यंत नेणाऱ्या याद्या, कामकरी मुंग्यांना समोर ठेवून लिहिलेल्या असतात. म्हणजे राणीची ओळख तिच्या मुलींवरून पटवायची आणि मुली होईपर्यंत थांबायचे. या काळात राणी काहीही खात नाही. तिचे उडण्याचे स्नायू विरघळतात आणि त्यावर व अंगातल्या चरबीवर ती स्वतः जगते व पहिली पिले पोसते. हे शास्त्र आईला पटेना. "बाळंतिणीले उपाशी ठेवतं का कोणी?" असे म्हणत ती दिवसातून अनेकदा साखरेची चिमूट घेऊन बाटलीपाशी येई. अलिवाच्या लाडवाचा प्रस्तावही तिने मांडला होता.

पुढे पहिल्या मुली कोशातून बाहेर आल्या, पण त्या इतक्या किरकोळ होत्या की साडूंनी त्यांना साक्षीदार म्हणून नाकारले. किल्लीला मोठ्या डोक्याची कामकरी हवी असते आणि तशा मुली वसाहत वाढल्यावरच निपजतात. "तशी एक मिळाली की ७० टक्के अल्कोहोलमध्ये घालून पाठवा," असे त्यांनी सांगितले. आपण कोणत्या जिल्ह्यात राहतो आणि तेथे दारूबंदी किती वर्षांपासून आहे, याची मी त्यांना फोनवरून मोठ्याने आठवण करून दिली. कुंपणापलीकडे काकाजी दातवण करत होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, कुंपणाजवळ आले आणि आवाज खाली आणून विचारले, "मास्तर, किती पाह्यजे?"